एकतारी ते गोळीबंद: साखरेचा पाक समजून कसा करावा

पाक बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते: एक तर पाकात पाणी हवे त्याहून कमी किंवा जास्त राहिलेले असते, नाही तर नको तेथे साखरेचे स्फटिक झालेले असतात. पाककृतीत मात्र ‘एकतारी पाक करून घ्यावा’ एवढेच वाक्य असते आणि वाचणाऱ्याने आईच्या किंवा सासूबाईंच्या हाताखाली तार पाहिलेली आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, आणि हात बसलेला असूनही एखाद्या वर्षी हलव्याला काटा का धरत नाही याचा ज्यांना उलगडा होत नाही त्यांच्यासाठी, साखरेच्या गुणधर्मांपासून सुरुवात करून पाकाची रीत येथे मांडली आहे.

साखर आणि पाणी यांचा हिशेब

घरातली पांढरी साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज होय. सुक्रोजच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात, आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन लहान शर्करा एकमेकींशी जोडल्या जाऊन तो रेणू तयार झालेला असतो. या रेणूवर पाण्याशी सहज बंध जुळवणारे अनेक अणुगट असल्याने साखर पाण्यात विलक्षण प्रमाणात विरघळते. २० अंश सेल्सिअस तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, तर १०० अंशांना तेवढ्याच पाण्यात ४८० ग्रॅमांहून अधिक मावते.

या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात ठेवले तर पाकाचे बहुतेक वागणे आपोआप समजते. २० अंशांना पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवली, तर त्या द्रावणात वजनाने सुमारे ६७ टक्के साखर असते. पाकातली साखर याहून कमी असेल तर तो थंड झाला तरी साखर पाण्यातच राहते. ती ६७ टक्क्यांच्या वर गेली, तर पाक चुलीवर कितीही स्वच्छ आणि पारदर्शक दिसत असला तरी थंड होताच त्यात मावेनाशी झालेली साखर बाहेर पडण्याची संधी शोधू लागते. अशा द्रावणाला अतिसंपृक्त म्हणतात. आपल्याकडच्या मिठायांचा पाक करताना पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारावा की, या पदार्थात साखरेचे स्फटिक व्हायला हवे आहेत की नको आहेत.

दुसरा गुणधर्म उकळबिंदूचा आहे. साखर जितकी जास्त, तितका पाक वरच्या तापमानाला उकळतो. समुद्रसपाटीवर ५० टक्के साखरेचे द्रावण सुमारे १०२ अंशांना उकळते, ७० टक्क्यांचे १०६ च्या आसपास आणि ८० टक्क्यांचे ११२ च्या आसपास. उकळत्या पाकाचे तापमान पाहणे म्हणजे त्यात किती पाणी उरले आहे हे मोजणेच होय. तार पाहणारी बोटेही तेच मोजत असतात, फक्त त्यांची मोजपट्टी चिकटपणाची असते.

तिसरा गुणधर्म आम्लाचा. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोजमधला जोड तुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे होतात. या मिश्रणाला इन्व्हर्ट साखर म्हणतात. ती सुक्रोजपेक्षा किंचित गोड असते, हवेतली ओल पटकन ओढते आणि सुक्रोजच्या स्फटिकांची रचना जुळू देत नाही. पाकात लिंबू पिळण्यामागचे कारण हेच आहे, आणि काही पदार्थांत ते मुळीच पिळू नये यामागचेही हेच.

ही साखर येते कोठून

सूर्यप्रकाशात पानांनी तयार केलेली साखर झाडाच्या इतर भागांपर्यंत बहुतांशी सुक्रोजच्या रूपात वाहून नेली जाते, त्यामुळे थोडेफार सुक्रोज बहुतेक सर्व वनस्पतींत सापडते. पण ते साठवून ठेवणारी आणि माणसाला उपयोगी पडेल इतके साठवणारी झाडे मोजकीच आहेत. ऊस आणि शुगर बीट ही त्यांतली मुख्य. याखेरीज ताड, शिंदी आणि माड यांचा रस आटवूनही गूळ करतात, आणि कॅनडात मेपल झाडाचा जेमतेम २ टक्के साखरेचा पातळ रस आटवून त्याचा पाक करतात. बीटमधली साखर उसातल्या साखरेसारखीच आहे हे आंद्रेआस मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखवले, आणि पुढे युरोपात तिचे कारखाने उभे राहिले. जर्मनीत किंवा पोलंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरात दुकानातून येणारी साखर बहुधा बीटचीच असते. रेणू तोच असल्यामुळे पाकाच्या रीतीत काहीही बदल करावा लागत नाही.

महाराष्ट्रातल्या कारखान्यात १०० किलो उसामागे साधारण १० ते १२ किलो साखर मिळते आणि या प्रमाणाला साखर उतारा म्हणतात. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातले सुक्रोज फुटू लागते आणि उतारा घसरतो, म्हणून तोडणी झालेला ऊस शक्य तितक्या लवकर गाळपाला जावा यासाठी एवढी धावपळ चाललेली असते. रसात चुना आणि गंधकाचा वायू सोडून गाळ खाली बसवतात, रस आटवतात आणि मग निर्वात पात्रात ७० अंशांच्या आसपासच त्याला उकळी आणून स्फटिक वाढवतात. हवेचा दाब कमी केल्याने उकळबिंदू खाली येतो, साखर करपत नाही आणि फुटतही नाही. यंत्राने गरगर फिरवून स्फटिक वेगळे केले की उरते ती मळी.

गुऱ्हाळात निर्वात पात्र नसते. तेथे काहिलीत उघड्यावर रस आटतो, रानभेंडीच्या चिकट रसाने उसाच्या रसातली घाण (तिलाही मळीच म्हणतात) वर आणून ती झाऱ्याने काढली जाते, आणि गुळव्या नजरेने व बोटाने पाकाची परीक्षा घेतो. काकवी हवी असेल तर १०५-१०६ अंशांच्या सुमारास रस उतरवतात, गूळ हवा असेल तर ११८ च्या आसपास. म्हणजे काकवी हा एकतारीच्या जवळचा आणि गूळ हा गोळीबंद पाक आहे, आणि कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात पिढ्यान् पिढ्या जे चालते ते आपण स्वयंपाकघरात लहान प्रमाणात करत असतो. गुळात इन्व्हर्ट साखर बरीच असल्यामुळे तो पावसाळ्यात पाझरतो. साखर मात्र डब्यात कोरडी राहते.

पाक ठेवण्याची रीत

भांडे जाड बुडाचे आणि पाकाच्या निदान तिप्पट मापाचे घ्यावे, कारण उकळताना पाक फेसाळून वर येतो. एकतारी किंवा त्याहून घट्ट पाकासाठी एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी पुरते. त्याहून जास्त पाणी घातल्याने पाक चांगला होत नाही. ते पाणी नंतर उडवावे लागते आणि गॅस व वेळ वाया जातो. बाजारातली एस-३० किंवा एम-३० यांपैकी कोणतीही साखर चालते, फरक फक्त दाण्याच्या आकाराचा असतो. दुकानातली तयार पिठीसाखर मात्र पाकासाठी घेऊ नये, कारण गोळे होऊ नयेत म्हणून तिच्यात पुष्कळदा कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते आणि पाक गढूळ होतो.

साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवावी आणि ढवळत राहावे. दाणा तळाशी उरलेला असताना उकळी आणली तर तो दाणाच पुढे स्फटिकांचे बी ठरतो. साखर विरघळली की उकळी आणून एका किलोला एक-दोन चमचे दूध घालावे. दुधातली प्रथिने उष्णतेने गोठताना साखरेतली बारीक घाण आपल्यात गुंडाळून वर आणतात, आणि ती मळी झाऱ्याने काढून टाकली की पाक काचेसारखा नितळ दिसतो. आपल्याकडची साखर चुना-गंधकाने शुद्ध केलेली असते, पण परदेशातल्या साखरेसारखी पुन्हा विरघळवून तिचे शुद्धीकरण झालेले नसते, म्हणून हे दूध येथे उपयोगी पडते. परदेशातल्या शुभ्र साखरेला त्याची गरज सहसा भासत नाही. मळी काढल्यावर पाक ओल्या पंचातून गाळून घेतला तर उत्तम.

यानंतर ढवळणे थांबवावे. भांड्याच्या कडेला उडालेले थेंब वाळून तेथे दाणे धरतात आणि त्यांतला एखादा परत पाकात पडला तर सगळा पाक रवाळ होऊ शकतो. दोन मिनिटे झाकण ठेवले की वाफेचे पाणी कडेवरून ओघळून ते दाणे विरघळवते, किंवा ओल्या कापडाने कडा पुसून घ्याव्यात.

तार, तापमान आणि वजन

तारेची परीक्षा अशी: चमच्यावरचा थेंब थोडा निवू द्यावा, तो अंगठा व तर्जनी यांत धरून बोटे हळूच दूर करावीत. नुसतेच चिकट लागले आणि तार आली नाही, तर तो गुलाबजामचा पाक. एक तार येऊन लगेच न तुटता थोडी ताणली गेली, तर एकतारी. हे साधारण १०५-१०६ अंशांना घडते. दोन तारा दिसल्या तर दोनतारी, साधारण ११० ते ११२ अंश. त्यापुढे बोटांची परीक्षा थांबवून वाटीभर गार पाण्याची सुरू करावी, कारण तापलेला पाक कातडीला चिकटून बसतो आणि वाफेपेक्षा वाईट भाजतो. पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळली की गोळीबंद, साधारण ११३ ते ११८ अंश. थेंब पाण्यात कडक होऊन मोडताना ‘टक्’ असा आवाज करू लागला की चिक्कीचा पाक तयार झाला. तेव्हा तापमान १४६ ते १५० अंशांवर गेलेले असते आणि पाकात पाणी १-२ टक्केच उरलेले असते. १६० च्या पुढे साखर तपकिरी होऊ लागते आणि कॅरॅमल बनते.

थर्मामीटर वापरणार असाल तर तो आधी उकळत्या साध्या पाण्यात बुडवून पाहावा. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर वर गेले की पाण्याचा उकळबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरला ९६ च्याही थोडे खाली. मुंबईच्या मापाने पुण्यात १०६ अंशांपर्यंत थांबलात तर पाक एकतारीच्या पुढे गेलेला असेल. म्हणून पाककृतीतला आकडा तसाच न घेता आपल्या गावच्या पाण्यापेक्षा किती अंश वर, असा हिशेब करावा: एकतारीला ६ अंश वर, दोनतारीला १० ते १२, गोळीबंदला १३ ते १८.

माझ्या मते नवशिक्याला तारेपेक्षा आणि थर्मामीटरपेक्षाही वजनकाटा अधिक विश्वासाचा आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो फारसे कोणी वापरत नाही. साखर कोठे जात नाही, उडते ते पाणी. त्यामुळे रिकाम्या भांड्याचे वजन आधी लिहून ठेवले की उरलेल्या पाकाच्या वजनावरून त्याची अवस्था थेट कळते. एक किलो साखरेचा पाक १.७ किलोच्या आसपास असेल तर तो गुलाबजामचा, १.४ किलो असेल तर एकतारी, १.२५ ते १.३ किलोच्या दरम्यान दोनतारी, आणि १.२ किलोच्या आसपास गोळीबंद. काट्यावर लाकडी पाट ठेवून मग गरम भांडे ठेवावे, म्हणजे काटा बिघडत नाही. काढलेली मळी आणि झाऱ्याला लागलेला पाक यांमुळे पाच-दहा ग्रॅमांचा फरक पडतो, तो सोडून द्यावा.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट दिसते. एकतारीपासून गोळीबंदपर्यंत जायला किलोमागे अवघे २०० ग्रॅम पाणी उडायचे असते. मोठ्या आचेवर ते काही मिनिटांत उडते, म्हणून एकतारी जवळ आली की आच निम्मी करावी आणि फोन वाजला तर तो वाजू द्यावा.

स्फटिक नको असतात तेव्हा

गुलाबजाम आणि रसगुल्ला यांचा पाक ६७ टक्क्यांच्या चांगलाच खाली, ५५ ते ६० टक्क्यांवर ठेवावा. याहून घट्ट पाकात सोडलेला गुलाबजाम आत पाक ओढून घेण्याऐवजी आपल्यातलेच पाणी बाहेर सोडतो आणि सुरकुततो. जिलबीला मात्र एकतारी लागते, कारण वरचे आवरण कडक राहायला हवे. हा पाक अतिसंपृक्त असल्याने तो कोमट ठेवून त्यात किलोमागे अर्ध्या लिंबाचा रस पिळतात, म्हणजे परातीत पाक बसत नाही.

साखरांब्यात लिंबाचे काम कैरीच करते. कैरीच्या आम्लाने काही सुक्रोज फुटते, त्यामुळे घट्ट पाकाचा साखरांबाही वर्षभर रवाळ होत नाही, आणि साखरेने पाणी धरून ठेवल्यामुळे त्यात जंतूंना वाढायला पाणी उरत नाही. पाक पातळ राहिला तर हे संरक्षण नाहीसे होते आणि वर बुरशी धरते. मोरावळ्याच्या बरणीत तळाशी खडे दिसले तर समजावे की पाक जास्त आटला होता. बरणी गरम पाण्यात ठेवून खडे विरघळवावेत आणि थोडे लिंबू घालावे.

स्फटिक हवे असतात तेव्हा

रव्याचा लाडू वळतो आणि तसाच राहतो तो रव्याच्या कणांमध्ये झालेल्या बारीक स्फटिकांमुळे. येथे एकतारी पाक पुरतो, कारण उरलेले पाणी रवा शोषून घेतो. गोळीबंद पाक घातला तर रव्याला पाणी मिळत नाही आणि लाडू फोडायला बत्ता लागतो. नारळाच्या वडीत उलट असते: नारळाचे स्वतःचे पाणी असल्यामुळे पाक गोळीबंद हवा, आणि उतरवल्यावर मिश्रण कडेने कोरडे दिसेपर्यंत घोटायला हवे. घोटल्याने एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक होतात आणि वडी खुटखुटीत पण मऊ राहते. हाच पाक न ढवळता, दोरा सोडून, हळूहळू निवू दिला तर मोजकेच स्फटिक होतात आणि ते मोठे होत जातात. खडीसाखर अशीच होते.

या सगळ्यांत कसब लागते ते संक्रांतीच्या काटेरी हलव्याला. खसखस, तीळ, साबुदाणा किंवा लवंग असे कोरडे दाणे पसरट परातीत अगदी मंद आचेवर घ्यावेत. आच इतकी मंद असावी की परातीला बोटे लावून काम करता यावे. पाक स्वच्छ, मळी काढलेला आणि एकतारी असावा. त्यातला चमचाभर पाक दाण्यांवर घालून बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने दाणे फिरवत राहावे. पाकातले पाणी उडते, साखर दाण्यावर बसते, आणि तो थर पूर्ण कोरडा झाला की मगच पुढचा चमचा घालावा. प्रत्येक नवा थर आधीच्या स्फटिकांवर वाढतो आणि त्यातून काटे उभे राहतात. पाक घालण्याची घाई केली की ओला थर जाड बसतो आणि काटे बुजून दाणा गुळगुळीत होतो. जोराने चोळले तर उभे राहिलेले काटे मोडतात.

हलवा थंडीत करतात त्यामागे सणाच्या तारखेइतकेच हवेचे कारण आहे. कोरड्या, गार हवेत थर लवकर सुकतो. ढगाळ, दमट दिवशी तोच हात, तीच साखर आणि तोच पाक असूनही काटा येत नाही. या पाकात लिंबू घालू नये, कारण फुटलेली साखर स्फटिक होऊ देत नाही आणि हलवा चिकट राहतो. काही घरांत मळी काढण्यासाठी लिंबू घालण्याची पद्धत आहे, पण ते काम दुधाने होते. रंग घालायचा असेल तर तो शेवटच्या काही थरांत पाकात घालावा. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात जपानला नेलेल्या मिठाईतून तेथे कोम्पेइतो नावाचे काटेरी साखरदाणे तयार होऊ लागले. तेही तापलेल्या फिरत्या कढईत थोडा थोडा पाक घालून अनेक दिवस वाढवतात.

बिघडलेला पाक

पाक पुढे गेला असेल आणि रंग बदललेला नसेल, तर काहीही वाया गेलेले नाही. आच बंद करून, चेहरा दूर ठेवून, कडेने थोडे उकळते पाणी घालावे आणि पुन्हा हवी ती अवस्था गाठावी. गार पाणी घातले तर पाक उसळतो. पाक रवाळ झाला असेल तर किलोमागे पाव लिटर पाणी घालून शेवटचा दाणा विरघळेपर्यंत मंद आचेवर ठेवावे, आणि पदार्थाला चालत असेल तर थोडे लिंबू पिळून पुन्हा आटवावे. पिवळसर झालेला पाक पांढऱ्या पदार्थांना वापरू नये, चिरोट्यांना किंवा शिऱ्याला चालतो. चिक्कीसाठी घेतलेला पाक करपला आणि कडू वास आला तर तो टाकून द्यावा; तो वास वेलदोड्याने झाकत नाही.

तयार चिक्कीत साखर स्फटिकरूपात नसते, ती काचेप्रमाणे गोठलेली असते आणि हवेतली ओल झपाट्याने ओढते. कोकणात तर ती पंख्याखाली निवायला ठेवली तरी तासाभरात चिकट होते. पूर्ण निवण्याची वाट न पाहता कोमट असतानाच तुकडे पाडावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. हलव्याचा डबाही तसाच घट्ट लावावा, मात्र त्याआधी दाणे एक रात्र पातळ कापडाखाली पसरून ठेवावेत, म्हणजे आत राहिलेली ओल निघून जाते आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.